'नार्निया'चे दूरचित्रवाणी-रूपांतर : बोलक्या प्राण्यांच्या दृश्यतेचा प्रश्न

कादंबरी वाचताना बोलणारा सिंह वाचकाला खटकत नाही. तोच सिंह पडद्यावर उभा करावयाचा म्हटले की अडचणीस प्रारंभ होतो. अद्भुतरम्य बालकादंबरीच्या माध्यमांतरातील हा प्रश्न सी. एस. लुईस यांच्या 'नार्निया' कादंबऱ्यांवर आधारित बी.बी.सी.च्या मालिकेच्या संदर्भात विशेष ठळकपणे पुढे येतो.

लुईस यांच्या या सात कादंबऱ्या १९५० ते १९५६ या काळात प्रसिद्ध झाल्या. नभोवाणी-रूपांतराला त्यांची हरकत नव्हती. दूरचित्रवाणीला मात्र त्यांचा ठाम विरोध होता. बी.बी.सी.च्या एका निर्मात्याला डिसेंबर १९५९ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्याची कारणे दिली आहेत. माणसासारखे वागणारे प्राणी कथनातून बाहेर काढून प्रत्यक्ष दाखविले की ते हास्यास्पद तरी होतात किंवा भयंकर तरी, असे त्यांचे मत होते. व्यंगचित्रपटाचा मार्ग त्यांना तुलनेने मान्य होता. परंतु सोंग घेतलेल्या माणसाने अस्लान साकारणे त्यांना ईशनिंदेसमान वाटत होते. हा शब्द अतिशयोक्त नाही. शिळेवर बळी जाऊन पुन्हा जिवंत होणारा अस्लान ख्रिस्ताशी निगडित आहे. (याला 'रूपक' म्हणणे मात्र लुईस यांना मान्य नव्हते, नार्नियासारखे जग असते तर ख्रिस्त तेथे कोणत्या रूपात अवतरला असता, अशी ती कल्पना आहे, असे ते म्हणत.)

लुईस यांचे निधन १९६३ मध्ये झाले आणि १९६७ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर पहिल्या कादंबरीची दहा भागांची मालिका आलीच. बी.बी.सी.ची मालिका नंतरची. अॅलन सीमूर यांनी लिहिलेल्या या मालिकेत १९८८ मध्ये पहिली, १९८९ मध्ये दुसरी व तिसरी, आणि १९९० मध्ये 'द सिल्व्हर चेअर' अशा चार कादंबऱ्या अठरा भागांत सादर झाल्या. उर्वरित तीन राहून गेल्या. 'प्रिन्स कॅस्पियन'ला तर अवघे दोन भाग मिळाले.

प्राण्यांसाठी एकच तंत्र वापरलेले नाही. अस्लानची यांत्रिक बाहुली आतून दोन व्यक्ती चालवीत आणि आवाज रोनाल्ड पिकप यांचा होता. बीव्हर दांपत्य म्हणजे पोशाख चढविलेले नट. काही अद्भुत प्राणी रेखाटलेल्या चलच्चित्रांतून आले. बीव्हरांच्या बाबतीत लुईस यांची भीती खरी ठरली, असेच म्हणावे लागेल. अस्लानचे तसे झाले नाही. यंत्राच्या मर्यादेमुळे आलेला संथपणा त्याच्या गांभीर्याला उलट पोषकच ठरला. २००५ च्या चित्रपटातील संगणकनिर्मित सिंह कितीतरी अधिक खरा दिसतो. पण खरे दिसणे आणि पूज्य वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याहून मोठी हानी कथनाच्या पातळीवर होते. पहिल्या कादंबरीत अस्लानचे नाव प्रथम कानी पडताच चारही भावंडांच्या मनात वेगवेगळे तरंग उठतात. एडमंडला गूढ भीती वाटते, पीटरला धाडस सुचते, सूझनला सुगंधाचा वा सुरांचा भास होतो आणि ल्यूसीला सुट्टी सुरू झाल्याचा आनंद होतो. अस्लान अद्याप आलेला नाही. आहे ते केवळ नाव. निवेदक हे एका परिच्छेदात सांगतो. कॅमेऱ्यापाशी मात्र चार चेहरेच असतात, आणि त्या वयाच्या नटांकडून चार निरनिराळे अंतर्भाव मूकपणे व्यक्त होण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

जेथे पात्राचे सत्त्व बोलण्यात आहे, तेथे मात्र मालिका कादंबरीच्या तोडीस तोड उतरते. 'द सिल्व्हर चेअर'मधील पडलग्लम हा दलदलीत राहणारा, सदैव वाईटाचीच अपेक्षा करणारा, पण निष्ठावान सोबती टॉम बेकर यांनी साकारला. भूगर्भातील प्रसंगात सूर्य, आकाश, अस्लान हे सारे कल्पनेचे खेळ आहेत, असे चेटकीण मंत्रमुग्ध मुलांना पटवीत असते. पडलग्लम अनवाणी पायाने तिचा धुमसता अग्नी विझवितो आणि म्हणतो, की हे सारे कल्पित असले तरी ते तिच्या जगाहून श्रेष्ठ आहे. या प्रसंगाला ना यांत्रिक सिंह लागत, ना चलच्चित्र.