वर्ण्य म्हणजे गोरेपणा नव्हे
दिनचर्या, मुखलेप आणि औषधविक्रेत्याची जबाबदारी

नरकचतुर्दशीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान महाराष्ट्राने अजून सोडलेले नाही. दिवाळीच्या आधी पंधरवडाभर आयुर्वेदिक औषधांच्या दुकानांत नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, गुलाबपाकळी आणि चंदन यांच्या उटण्याची पुडकी मांडली जातात व हातोहात खपतात. सण सरला की त्याच दुकानात वेगळी मागणी ऐकू येते : "पुढल्या आठवड्यात लग्न आहे, चेहरा उजळेल असे काहीतरी द्या." वर्षातून एकदा उटणे आणि एरवी आठ दिवसांत गुण दाखवणारे क्रीम, अशा दोन टोकांत त्वचेची निगा विभागली गेली आहे. हा प्रश्न वरवर सौंदर्याचा दिसत असला, तरी तो आरोग्याचा आहे आणि काही रुग्णांच्या बाबतीत तो वृक्कांपर्यंत जाऊन पोहोचला आहे. म्हणूनच वैद्य आणि औषधविक्रेते या दोघांनीही त्याचा एकत्र विचार करणे अगत्याचे आहे.

शास्त्रातील 'वर्ण'

चरकाचार्यांनी इंद्रियस्थानाच्या पहिल्याच अध्यायात शरीराचे प्राकृत वर्ण सांगितले आहेत. कृष्ण, श्याम, श्यामावदात आणि अवदात असा त्यांचा क्रम आहे. कृष्ण वर्ण येथे व्याधी म्हणून येत नाही, तर प्रकृती म्हणून येतो आणि तोही प्रथम येतो. त्याच्या लगेच पुढे वैकारिक वर्णांची गणना आहे. नील, श्याव, ताम्र, हरित यांच्याबरोबर त्या यादीत 'शुक्ल' हाही वर्ण आहे. म्हणजे अनैसर्गिक पांढरेपणा आचार्यांच्या दृष्टीने विकृतीचे लक्षण होय. गोरेपणाच्या हव्यासाला उत्तर देताना याहून अधिक स्पष्ट आधार शोधण्याची गरज नाही.

वर्ण्य महाकषायातील दहा द्रव्येही याच दृष्टीने पाहावीत. चंदन, तुंग, पद्मक, उशीर, मधुक, मंजिष्ठा, सारिवा, पयस्या, सिता आणि लता ही ती द्रव्ये. यांतील बहुतेक शीतवीर्य, पित्तशामक व रक्तप्रसादन करणारी आहेत. दूषित रक्त व प्रकुपित पित्त यांमुळे झाकोळलेला मूळ वर्ण पुन्हा प्रसन्न करणे हे त्यांचे कार्य. मूळ वर्ण पुसून दुसरा आणणे हे त्यांचे कार्य नव्हे.

सुश्रुताचार्यांनी त्वचेच्या उत्पत्तीसाठी दुधावरच्या सायीचा दृष्टांत दिला आहे. दूध तापताना जशी साय धरते, तशा गर्भाच्या पाकावस्थेत सात त्वचा निर्माण होतात आणि त्यांतील सर्वांत बाहेरची अवभासिनी सर्व वर्णांना प्रकाशित करते. साय चांगली हवी असेल तर मुळात दूध चांगले हवे, हे प्रत्येक गृहिणी जाणते. त्वचेच्या बाबतीत ते दूध म्हणजे आहार, अग्नी आणि रसरक्तादी धातू. भ्राजक पित्ताचे कार्य त्यांच्यावरच अवलंबून असते.

आठ दिवसांच्या क्रीमचा हिशेब

बाह्य त्वचेच्या पेशी तळाच्या थरात निर्माण होऊन पृष्ठभागावर येईपर्यंत सुमारे चार आठवडे लागतात. साहजिकच कोणताही खरा पालट दिसण्यास किमान तेवढा काळ जावा लागतो. ज्या क्रीमने आठ दिवसांत चेहरा उजळतो, त्याविषयी आनंद वाटण्याऐवजी संशय यावा. अशा झटपट परिणामामागे बहुधा दोन द्रव्ये असतात : तीव्र स्टेरॉइड किंवा पारा.

स्टेरॉइडमुळे त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित होतात, लाली ओसरते, रंगद्रव्याची निर्मिती मंदावते आणि चेहरा तात्पुरता नितळ दिसतो. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, गालांवर लाल शिरांचे जाळे उमटते, लव वाढते, पुटकुळ्या येतात व उन्हात जाताच चेहऱ्याची आग होते. क्रीम थांबवल्यावर लक्षणे दुपटीने उसळतात, म्हणून रुग्ण पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतो. देशातील बारा केंद्रांत झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या त्वचाविकाराचे २,९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळजवळ १५ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांना ते डॉक्टरांव्यतिरिक्त इतर कोणीतरी सुचवलेले होते. मैत्रीण, शेजारीण, ब्यूटी पार्लर आणि औषधाचे दुकान यांपैकी आपण कोठे बसतो, हे आपणच तपासावे.

हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचे तिहेरी मिश्रण मूळचे वांगांवरील ठरावीक मुदतीच्या उपचाराचे औषध आहे. आपल्याकडे मात्र ते रोजच्या क्रीमसारखे वापरले गेले. २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने चौदा स्टेरॉइडे बाह्य उपयोगासाठीसुद्धा परिशिष्ट 'एच'मध्ये आणली. ती औषधे चिठ्ठीवाचून देणे हा तेव्हापासून नियमभंग आहे.

पाऱ्याची गोष्ट याहून गंभीर आहे. पाऱ्याचे क्षार टायरोसिनेज या विकराला अडवून रंगद्रव्य बनू देत नाहीत, परंतु ते त्वचेतून शोषले जाऊन वृक्कांत साठतात. केरळमधील कोट्टक्कल येथील वृक्कतज्ज्ञांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रातून प्रथिने जाणाऱ्या एका विशिष्ट वृक्कविकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. पंधरा रुग्णांत त्या विकाराचा एक विरळ प्रकार आढळला आणि त्यांतील तेरा जणांनी गोरेपणाचे क्रीम वापरल्याचे सांगितले. बहुतेकांत क्रीम थांबवल्यावर विकार ओसरला, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता अन्य प्रसाधनांत अनवधानाने येणारा पारासुद्धा दशलक्ष भागांत एका भागाहून अधिक चालत नाही. पाऱ्याविषयीच्या मिनामाता आंतरराष्ट्रीय कराराच्या सदस्य देशांनी २०२३ मध्ये पारायुक्त प्रसाधने २०२५ पर्यंत संपूर्णपणे बंद करण्याचे ठरवले.

येथे रसशास्त्राचा आधार पुढे करणे उचित नव्हे. या क्रीममधील क्षारांवर कोणताही संस्कार झालेला नसतो, त्यांची मात्रा कोठे लिहिलेली नसते आणि लावणाऱ्याला ते ठाऊकही नसते. वेष्टनावर तुळशीचे किंवा कोरफडीचे चित्र असल्याने आतील द्रव्य बदलत नाही.

दिनचर्येतील त्वचा

रुग्णाला क्रीम नको असे सांगून थांबता येत नाही. मग काय करावे, हेही सांगावे लागते. सुदैवाने आपल्या दिनचर्येत त्याचे उत्तर आहे आणि ते खर्चिकही नाही.

अभ्यंग : वाग्भटाचार्य अभ्यंग नित्य करावा असे म्हणतात व शिर, कर्ण आणि पाद यांवर विशेष भर देतात. रोज संपूर्ण अभ्यंग शक्य नसल्यास आठवड्यातून दोनदा सर्वांगाला आणि रोज रात्री तळपायांना तेल लावण्यास सांगावे. हिवाळ्यात तीळतेल, कोकणातील दमट हवेत व पित्तप्रकृतीत खोबरेल, असा विचार करावा. कफप्रधान अवस्था, अजीर्ण आणि नुकतेच झालेले शोधन यांत अभ्यंग वर्ज्य आहे. मुखदूषिकांनी भरलेल्या तेलकट चेहऱ्यावरही तेल चोळू नये.

स्नान : निरोगी त्वचेची प्रतिक्रिया किंचित आम्ल असते, तर वडीच्या साध्या साबणाची चांगलीच अल्कधर्मी. दिवसातून तीन-चार वेळा साबणाने तोंड धुणाऱ्या तरुणांची त्वचा कोरडी व दाहयुक्त होते आणि मग तेच रुग्ण 'त्वचा निस्तेज झाली' म्हणून येतात. चेहऱ्याला सकाळ-संध्याकाळ सौम्य प्रक्षालन पुरे. मसुराचे किंवा हरभऱ्याचे बारीक वस्त्रगाळ पीठ दुधात वा पाण्यात कालवून वापरल्यास अनेकांना मानवते. उष्ण जल शरीराला बलकर असले तरी डोक्यावरून घेतल्यास केस व नेत्र यांना अहितकर, हा वाग्भटांचा इशारा गीझरच्या काळात अधिकच लागू पडतो.

आतप : बाहेर जाताना छत्री व पादत्राण घ्यावे, हे दिनचर्येतच सांगितले आहे. वांग, काळवंडणे आणि अकाली सुरकुत्या यांवर उन्हापासून संरक्षण न करता दिलेला कोणताही लेप व्यर्थ जातो. छत्री, सुती ओढणी, रुंद कडांची टोपी आणि जरूर तेथे योग्य सनस्क्रीन यांचा सल्ला देण्यात वैद्याने संकोच मानू नये.

निद्रा, वेग व मन : व्यंगाच्या संप्राप्तीत सुश्रुतांनी क्रोध व आयास यांनी प्रकुपित झालेला वायू सांगितला आहे, तर चरकांनी वमनाचा वेग अडवल्याने होणाऱ्या विकारांत व्यंगाची गणना केली आहे. रात्रपाळी, अपुरी झोप, चिडचिड आणि आम्लपित्त असलेल्या रुग्णाच्या गालावरील वांग केवळ गालावर उपचार करून जात नाही, याचा अनुभव बहुतेकांनी घेतला असेल.

आहार : अतिलवण, अतिअम्ल, क्षार, कटू पदार्थ आणि दिवास्वाप ही रक्तदुष्टीची कारणे होत. दुधाबरोबर मासे किंवा आंबट फळे, तसेच आपल्या घरोघरचे शिकरण, ही विरुद्धाहाराची उदाहरणे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगावीत. निस्तेज, पांडुर चेहऱ्याच्या स्त्रीला लेप देण्यापूर्वी हिमोग्लोबिन अवश्य तपासावे. कोरडी, जाड झालेली त्वचा व थकवा असेल तर थायरॉइडची तपासणी करावी.

मुखलेपाचे विसरलेले नियम

मुखलेप हा आज सर्वांत अधिक वापरला जाणारा आणि सर्वांत चुकीचा वापरला जाणारा उपक्रम आहे. अष्टांगहृदयात त्याचे दोषघ्न, विषघ्न आणि वर्णकर असे तीन प्रकार आहेत. पाव, एकतृतीयांश व अर्धा अंगुळ अशी जाडी दिली आहे. सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की लेप ओला असेपर्यंतच ठेवावा. वाळलेला लेप कांती बिघडवतो. काढण्यापूर्वी तो पुन्हा ओला करावा आणि नंतर अभ्यंग करावा. आपल्याकडे मात्र लेप वाळून भेगा पडेपर्यंत बसण्याची आणि मग तो खरवडून काढण्याची रीत पडली आहे. लेप असताना बोलणे, ऊन, अग्नी, दिवसा झोप, क्रोध व शोक वर्ज्य आहेत. पीनस, अजीर्ण, जागरण आणि नस्यानंतरची अवस्था यांत लेप करू नये.

काही सावधानता आजच्या काळाच्याही आहेत. लिंबाचा रस चेहऱ्यावर लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. बाकुची प्रकाशसंवेदनशीलता वाढवते. तिचे तेल श्वित्रात वैद्याच्या देखरेखीखाली वापरायचे असते, 'ग्लो'साठी नव्हे. कुंकुमादी तेल उत्तम असले तरी ते तेलच आहे. रुक्ष त्वचेवर रात्री दोन-चार थेंब पुरतात, मुखदूषिकांत ते टाळावे आणि केशराचा बाजारभाव पाहता अतिस्वस्त कुंकुमादी पाहून शंका घ्यावी. लेपाचे चूर्ण ओलसर डब्यात ठेवू नये आणि कालवलेला लेप दुसऱ्या दिवशी वापरू नये. नवा कोणताही योग आधी हाताच्या आतील बाजूस लावून दोन दिवस पाहावा.

दुकानात पाळता येईल असे काही

औषधविक्रेत्याचा प्रश्न व्यावहारिक आहे : आपण नाही म्हटले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. हे काही अंशी खरे आहे. तथापि बिघडलेल्या चेहऱ्याचे गिऱ्हाईक त्या दुकानाचे नाव कधी विसरत नाही, हेही तितकेच खरे. पुढील गोष्टी लगेच अमलात आणता येतील.

१. बीटामिथॅसोन, क्लोबेटॅसोल, मोमेटॅसोन, फ्लुओसिनोलोन ही नावे असलेली ट्यूब चिठ्ठीवाचून देऊ नये आणि जुन्या चिठ्ठीवर वारंवार देऊ नये.

२. उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक व घटकांची यादी नसलेले क्रीम दुकानात ठेवू नये. कॅलोमेल किंवा 'मर्क्युरी'ने सुरू होणारे घटक, तसेच 'सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये' अशी सूचना ही पाऱ्याची खूण समजावी.

३. पार्लरमधून आलेल्या बिनानावाच्या डबीविषयी प्रत्येक त्वचारुग्णाला आवर्जून विचारावे. पायांवर सूज किंवा लघवीला फेस असेल तर क्रीम तत्काळ बंद करवून मूत्रातील प्रथिनांची तपासणी करवावी.

४. दीर्घकाळ स्टेरॉइड लावलेल्या रुग्णाला क्रीम सोडल्यावर त्रास वाढेल याची आधीच कल्पना द्यावी आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवावे. या उसळीच्या काळात तीक्ष्ण, उष्ण लेप देऊ नयेत.

५. आपल्याच फलकावरील 'गोरेपणा' हा शब्द काढून 'त्वचेचे आरोग्य' असे लिहावे. गडद वर्णाला कमी लेखणाऱ्या जाहिरातींविरुद्ध जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आणली, २०२० मध्ये देशातील सर्वांत परिचित क्रीमने आपल्या नावातील 'फेअर' हा शब्द गाळला. ज्यांच्या संहितेत कृष्ण वर्ण प्रथम सांगितला आहे, त्यांनी याबाबत मागे राहणे शोभत नाही.

पुढल्या आठवड्यातील लग्नासाठी आलेल्या मुलीला आठ दिवसांत करता येण्याजोगे पुष्कळ आहे : वेळेवर झोप, पुरेसे पाणी, उन्हात छत्री, रात्री तळपायांना तेल, ओला असतानाच काढलेला एक सौम्य लेप. नवे, अनोळखी काहीही चेहऱ्यावर न लावणे हेही त्यातच आले. एवढे सांगण्यास पाच मिनिटे लागतात आणि त्यात एकही ट्यूब विकली जात नाही. मात्र तीच मुलगी दिवाळीला उटणे घेण्यास आपल्याकडे येईल, आणि येताना तिची कांती तिची स्वतःची असेल.