बुलोव्हाचं गुणगुणणारं घड्याळ

अ‍ॅक्युट्रॉन स्पेसव्ह्यूचं रूप कुणाला सुचलं, या प्रश्नाचं खरं उत्तर ‘फारसं कुणालाच नाही’ असंच द्यावं लागेल. ऑक्टोबर १९६० मध्ये अमेरिकेच्या बुलोव्हा कंपनीने अ‍ॅक्युट्रॉन घड्याळ बाजारात आणलं. आतलं नवं तंत्र गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून दुकानांत मांडायच्या नमुन्यांची तबकडीच काढून टाकली होती. तांब्याच्या तारेच्या दोन गुबगुबीत कॉइल, हिरवी बैठक, मधोमध इवलासा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क), सगळं उघडं. मिनिटांच्या खुणा थेट काचेवर. लोक म्हणू लागले, आम्हाला हेच द्या. मग कंपनीनेही तेच स्पेसव्ह्यू म्हणून विकायला काढलं.

तो काळच अंतराळाच्या वेडाचा होता. १९५७ मध्ये स्पुटनिक उपग्रह वर गेला. मोटारींपासून दिव्यांपर्यंत प्रत्येक वस्तू रॉकेटसारखी दिसायला धडपडत होती. त्याच वर्षी हॅमिल्टन कंपनीचं व्हेंचुरा आलं. रिचर्ड आर्बिब यांनी रेखाटलेला त्याचा तिरपा त्रिकोण आजही देखणा वाटतो. पण ते सेलवर चालणारं असलं तरी आतलं वेळ राखणारं बॅलन्स व्हील जुनंच होतं, आणि विजेचे बारीक संपर्कबिंदू झिजले की दुरुस्तीची कटकट सुरू. कवच अंतराळयुगाचं, काळीज आजोबांचं.

ही मेख मॅक्स हेट्झेल या स्विस इंजिनिअरने आधीच ओळखली होती. विजेच्या घड्याळांची चर्चा १९५२ मध्ये सुरू झाली, तेव्हा तो स्वित्झर्लंडमधल्या बील गावी बुलोव्हाच्या कारखान्यात होता. नुसती वीज आणून वेळ अचूक होणार नाही, बॅलन्स व्हीलच बदलायला हवं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या जागी त्याने नादकाटा बसवला, आणि संपर्कबिंदूंच्या जागी तेव्हा नवलाईचा असलेला ट्रान्झिस्टर. पुढे इंजिनिअर विल्यम बेनेट यांच्या साथीने अमेरिकेत या कल्पनेचं कारखान्यात बनवता येईल असं यंत्र झालं.

हा नादकाटा सेकंदाला ३६० वेळा थरथरतो. त्याच्या एका भुजेला चिकटवलेल्या स्प्रिंगच्या टोकावर माणकाचा कण असतो. प्रत्येक कंपनाला तो एका चाकाचा एक दाता पुढे ढकलतो. चाकाचा व्यास जेमतेम अडीच मिलिमीटर आणि त्यावर दाते ३००! भिंगाखालीसुद्धा कड खरखरीत असल्याचा नुसता भास होतो. दिवसाला हे दाते ढकलण्याचं काम तीन कोटी अकरा लाख वेळा चालतं, म्हणून सेकंदकाटा अडखळत नाही, सरकत राहतो. महिन्याला एक मिनिटाहून जास्त फरक पडणार नाही, अशी कंपनीची हमी होती. १९६० साली ही हमी म्हणजे मोठीच छाती.

कानाशी धरलं तर टिकटिक नाही, बारीक गुणगुण. पेटीवर हा स्वर शोधायला गेलं तर पांढरी चार आणि काळी तीन यांच्या बरोबर मधे पडतो, म्हणजे पेटीच्या हिशेबी तो बेसूरच. चावीही बाजूला नाही, पाठीवर. रोज किल्ली द्यायचीच नाही, तर ती मिरवायची कशाला?

अंतराळाशी नातं नावापुरतं नव्हतं. अ‍ॅक्युट्रॉनची यंत्रणा उपग्रहांत बसली आणि अपोलो ११ ने चंद्रावर ठेवलेल्या उपकरणातही गेली. पण अंतराळवीरांच्या मनगटासाठी नासाने १९६५ मध्ये निवडलं ते ओमेगा स्पीडमास्टर, हाताने किल्ली द्यायचं. अंतराळवीराच्या हातात साधं घड्याळ आणि दुकानदाराच्या हातात अंतराळयान, असा तो विनोदी मामला.

डिसेंबर १९६९ मध्ये सेकोने क्वार्ट्झ घड्याळ आणलं आणि नादकाट्याचे दिवस भरले. १९७७ च्या सुमारास अ‍ॅक्युट्रॉनचं उत्पादन थांबलं. तोवर चाळीस लाखांच्या वर घड्याळं खपली होती.

आज जुनं स्पेसव्ह्यू घेणाऱ्याने दोन गोष्टी बघाव्यात. पहिली सेलची. मूळ पाऱ्याचा सेल १.३५ व्होल्टचा होता, तो आता मिळत नाही. हल्लीचा १.५५ व्होल्टचा घातला की नादकाटा जास्त जोरात हलतो, माणिक एकाऐवजी दोन-तीन दाते ढकलतं आणि घड्याळ सुसाट पुढे पळतं. जाणकार घड्याळजी ते नव्या सेलसाठी जुळवून देतात. दुसरी गोष्ट अस्सलपणाची. साध्या अ‍ॅक्युट्रॉनची तबकडी काढून नंतर केलेली ‘स्पेसव्ह्यू’ बाजारात ढिगाने आहेत. मला त्यांचा राग येत नाही. पहिल्या नमुन्यांचंही बुलोव्हाने तेच केलं होतं. मात्र भाव त्यांना अस्सलचा देऊ नये.