पाणबुडीवरून भुईमुगाच्या शेतात

वाचकहो, भुईमूग तुम्हांला नवा नाही. पण भुईमुगाच्या शेतीसाठी पाणबुडीवरची अधिकाराची नोकरी सोडणारा माणूस तुम्ही क्वचितच पाहिला असेल. जिमी कार्टर हे असे गृहस्थ. अमेरिकेचे माजी अध्यक्ष म्हणून त्यांचे नाव तुमच्या कानांवर असेल. २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाची शंभर वर्षे पुरी करून, ते आपल्या गावातल्या राहत्या घरी वारले. अध्यक्षपद त्यांच्याकडे चारच वर्षे होते, १९७७ ते १९८१. संसार मात्र सत्त्याहत्तर वर्षे झाला. शेतकऱ्याच्या घराला त्या संसारातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून ही आठवण.

मामाची पत्रे

जॉर्जिया राज्यातले प्लेन्स हे त्यांचे गाव. आपल्याकडच्या लहानशा खेड्याएवढेच. वडील अर्ल शेती आणि दुकान पाहत. आई लिलियन परिचारिका होत्या. घरात विजेचा दिवा लागला तो १९३८ च्या सुमारास, तोवर कंदीलच. पाच-सहा वर्षांचा जिमी शेतातल्या ओल्या शेंगा तोडून, धुऊन, मिठाच्या पाण्यात उकडून गावात विकायला नेई.

मामा नौदलात होता. त्याची देशोदेशींहून पत्रे येत. ती वाचून पोराच्या मनाने घेतले की आपणही समुद्रावर जायचे. १९४६ साली नौदलाच्या विद्यालयातून तो अधिकारी होऊन बाहेर पडला आणि त्याच जुलैत गावातल्याच रोझलिनशी लग्न झाले. रोझलिन तेरा वर्षांची असताना वडील गेले होते. आईने शिवणकाम करून चार मुले वाढवली होती. कष्ट काय असतात ते या मुलीला ठाऊक होते.

पाणबुडीवरची नोकरी जोखमीची. एकदा रात्रीच्या वादळात लाटेने कार्टरना उचलून नेले. नशीब थोर, म्हणून पाणबुडीवरच्याच तोफेच्या नळीवर आदळले आणि वाचले. डिसेंबर १९५२ मध्ये कॅनडातल्या चॉक रिव्हर येथे अणुभट्टीला अपघात झाला. ती उतरवण्याच्या कामावर नौदलाची माणसे गेली, त्यांतल्या एका तुकडीचे प्रमुख कार्टर होते. आत दीड मिनिटापेक्षा जास्त थांबणे धोक्याचे. म्हणून बाहेर टेनिसच्या मैदानावर भट्टीची नक्कल उभारली, तिच्यावर सराव केला आणि मग एकेकाने आत धावत जाऊन ठरलेले काम करून परत यायचे, असे चालले.

बायकोला न विचारता

१९५३ च्या जुलैत वडील कर्करोगाने गेले. शेवटच्या दिवसांत मुलगा उशाशी बसून होता. गावातले गोरे-काळे लोक भेटीला येत. अर्लनी कुणाला अडीनडीला पैसे दिले होते, कुणाची उधारी मागितली नव्हती. या गोष्टी घरालाही माहीत नव्हत्या. मुलाच्या मनात आले, आपण नौदलात कितीही वर चढलो तरी इतक्या लोकांच्या उपयोगी पडू का? त्याने ठरवले, नोकरी सोडायची आणि गावी जाऊन शेती धरायची.

पण ठरवले एकट्याने. रोझलिनला विचारलेच नाही! ती रडली, भांडली. तिला गावी परतायचे नव्हते. तीन लहान मुले घेऊन मोटारीने निघाले, तर वाटेत ती नवऱ्याशी जवळजवळ बोललीच नाही. गाडी थांबवायची असली तरी थोरल्या मुलाला सांगे, बाबांना सांग. आपण बायकोला विचारले नाही याचे नवल म्हातारपणी कार्टरना स्वतःलाच वाटे, आणि ते ही गोष्ट मोकळेपणाने सांगत.

पहिल्याच वर्षी, १९५४ साली, दुष्काळ पडला. वर्षाअखेर हाती तीनशे डॉलरही राहिले नाहीत. राहायला सरकारने गरिबांसाठी बांधलेल्या घरांतले एक घर. अशा वेळी रोझलिनबाई पुढे आल्या. हिशेबाची पुस्तके आणून त्या स्वतः शिकल्या आणि शेंगांच्या बियाण्याच्या, खताच्या धंद्याचे खाते लिहू लागल्या. कशात पैसा सुटतो आणि कशात खोट बसते हे त्यांना नवऱ्यापेक्षा आधी कळू लागले. मग कार्टर त्यांना विचारूनच पाऊल टाकू लागले. पुढे राजकारणातही तेच झाले.

याचा अर्थ भांडणे मिटली असा नव्हे. दोघांनी मिळून एक पुस्तक लिहायला घेतले, तर प्रसंग कसा घडला यावरच एकमत होईना. शेवटी ज्याचा मजकूर त्याने आपल्या नावाचे अक्षर घालून लिहावा, अशी तोड निघाली. रात्री रागात झोपायचे नाही, दिवसाचे भांडण त्याच दिवशी मिटवायचे, असा या घरचा नेम होता.

आपल्याशी नाते

या घराचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. लिलियनबाई १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, सेवाकार्यासाठी मुंबईजवळ विक्रोळीला आल्या आणि १९६८ पर्यंत दवाखान्यात राबल्या. इथून त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रांचे पुढे पुस्तक झाले. २००६ साली लोणावळ्याजवळ गरीब कुटुंबांसाठी घरे बांधण्यात आली, तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे कार्टर आणि रोझलिनबाई तिथे मजुरांसारखे काम करत होते.

१९८० च्या निवडणुकीत कार्टर मोठ्या फरकाने हरले. घरी आले तर शेंगांच्या धंद्यावर दहा लाख डॉलरांचे कर्ज. धंदा विकला, पुस्तके लिहून पोट भरले, आणि १९६१ साली बांधलेल्या त्याच साध्या घरात दोघे राहिले. पुढची लढाई त्यांनी नारूशी केली. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी पिऊन पायांतून निघणारा तो दोरा त्यांना आठवत असेल. १९८६ साली जगात वर्षाला सुमारे पस्तीस लाख माणसांना नारू होई. पाणी कापडाने गाळण्यासारख्या साध्या उपायांनी २०२३ साली हा आकडा चौदावर आला. भारत तर २००० सालीच नारूमुक्त ठरला.

रोझलिनबाई १९ नोव्हेंबर २०२३ रोजी गेल्या. कार्टर त्यांच्यामागे वर्षभर राहिले. जानेवारी २०२५ मध्ये घराजवळच्या तळ्याकाठी त्यांना पत्नीशेजारीच ठेवण्यात आले.

मंडळी, नोकरी सोडून शेती धरण्याचा, जमीन विकण्याचा, कर्ज काढण्याचा प्रसंग आपल्याही घरात येतो. तो बांधावर किंवा पारावर ठरवून घरी नुसता कळवू नका. चुलीपाशी बसून दोघांनी मिळून ठरवा. आणि घरचे जमाखर्चाचे वही-पेन मालकिणीच्या हाती द्यायला तर आजचा दिवसही चालेल.