दिवा लावून शोधणारी बाई

मागच्या बैठकीत गटातल्या एका मावशींनी आम्हाला विचारलं, "तुमच्या प्रार्थनेत सारखा प्रकाश, प्रकाश येतो. दिवा तर आम्हीही लावतो. मग तुमचा प्रकाश वेगळा कसा गं?" आम्ही तिघी मंडळीत रविवारची शाळा घेतो, लहान मुलांना बायबलच्या गोष्टी सांगतो. तरी पटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून आज त्यावरच बोलतोय, आणि सुरुवात आमच्यातल्या एकीच्या घरात घडलेल्या गोष्टीपासून करतोय. "सांगा, पण माझं नाव घेऊ नका," असं तिनंच म्हटलंय. तिघींतली कोण, ते तुम्ही ओळखालच म्हणा.

त्या दिवशी गटाचा हप्ता भरायचा होता. दोनशेची नोट तिनं सकाळी स्वयंपाकघरात डब्यावर ठेवली होती. संध्याकाळी पाहते तर नाही. थोरला मुलगा अकरा वर्षांचा. दुपारी दुकानात जाऊन आला होता आणि हातात बिस्किटाचा पुडा होता.

"नोट तूच घेतलीस ना?"

"नाही गं आई. आजीनं पैसे दिले होते, त्यातून आणला."

आजी रानात गेलेली. विचारणार कुणाला? तिला काही खरं वाटलं नाही, आणि दोन फटके बसले. तेवढ्यात लाईट गेली. पोरगा कोपऱ्यात हुंदके देत बसला. धाकटी पाच वर्षांची, अंधाराला घाबरते, म्हणून मोबाईलची टॉर्च लावून तिच्या हातात दिली. ती आपली मांजरीचं पिल्लू शोधत गव्हाच्या कोठीमागे वाकली आणि ओरडली, "आई, पैसे!" नोट डब्यावरून घसरून कोठीमागच्या धुळीत पडली होती. धाकटीनं टॉर्च वर केली ती थेट दादाच्या तोंडावर. गालावर बोटं उमटलेली.

आमची मैत्रीण म्हणते, "नोट सापडली, पण आनंद कसला? त्या उजेडात मला माझाच हात दिसला."

आता पुस्तकाकडे वळू. लूकच्या शुभवर्तमानात, पंधराव्या अध्यायात येशूनं सांगितलेली एक गोष्ट आहे. एका बाईजवळ दहा नाणी होती, त्यातलं एक घरातच हरवलं. ते नाणं म्हणजे साधारण मजुराची एका दिवसाची कमाई. त्या काळी तिकडच्या गरिबांची घरं अंधारी असत. खिडकी असली तर अगदी लहान, आणि जमीन मातीची नाहीतर ओबडधोबड दगडांची. भर दिवसासुद्धा काही शोधायचं तर दिवा लागे. तळहातावर मावेल असा मातीचा दिवा, त्यात जैतुनाचं तेल. ती बाई दिवा लावते, घर झाडते, नाणं सापडेपर्यंत शोधते, आणि सापडल्यावर शेजारणींना बोलावून आनंद करते. हे सांगून येशू म्हणतो, चुकलेला एक माणूस परत आला की देवाच्या घरी असाच आनंद होतो.

बायांनो, इथे जरा थांबा. देव कसा असतो हे सांगताना येशूनं राजा नाही निवडला. झाडू आणि दिवा हातात घेतलेली बाई निवडली! आम्ही इतकी वर्षं ही गोष्ट मुलांना सांगतोय, पण ती आमच्या लक्षात आली त्या नोटेनंतरच. तोवर आम्ही प्रकाशाचा अर्थ सांगायचो तो असा, की देवाला सगळं दिसतं, म्हणून चोरी करू नका. म्हणजे प्रकाश जणू पोलिसाची बॅटरी. पण त्या बाईचा दिवा चोर पकडायला लावलेला नाही. जे आपलं आहे आणि हरवलंय, ते परत मिळावं म्हणून लावलाय. आमच्या मैत्रिणीच्या घरी नोट हरवली होती खरी, पण तिच्या हातून खरोखर निसटत होता तो मुलगा.

मुलांचे प्रश्न मात्र भारी असतात. बायबलच्या पहिल्याच पानावर देव पहिल्या दिवशी प्रकाश निर्माण करतो, आणि सूर्य-चंद्र चौथ्या दिवशी. एका मुलीनं विचारलं, "मग तीन दिवस उजेड कुठून येत होता, बाई?" आम्ही म्हटलं, तोच तर मुद्दा आहे. प्रकाश आधी देवाचा, दिवे नंतरचे. तिचं समाधान झालं का? नाही. तिला अजून विचारायचं आहे.

दुसऱ्यानं विचारलं, "ज्याला दिसतच नाही त्याला येशूचा प्रकाश कसा दिसणार?" हा प्रश्न येशूच्या शिष्यांच्या प्रश्नापेक्षा बरा. जन्मांध माणूस पाहून त्यांनी विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशूनं सांगितलं, दोघांचंही नाही. आपल्याकडे अजूनही असं मूल झालं की आईलाच बोल लावतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी अंध बायकांसाठी घर काढलं, त्याचं नाव बार्तिमी सदन. बार्तिमी हा बायबलमधला आंधळा भिकारी. लोक गप्प बस म्हणत असताना तो येशूला हाका मारत राहिला. केडगावच्या त्या बायका बोटांनी वाचायला शिकल्या. मुलाला आम्ही एवढंच सांगितलं.

आणखी एक, मावशींसाठी खास. येशूनं स्वतःला जगाचा प्रकाश म्हटलं ते यरुशलेमेत, मांडवांच्या सणाच्या सुमारास. त्या सणात मंदिराच्या अंगणात मोठमोठे दिवे लावत. मिश्ना नावाच्या जुन्या ज्यू ग्रंथात लिहिलंय, की त्या दिव्यांच्या वाती याजकांच्या फाटक्या-जुन्या कपड्यांच्या करत. आपण जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या ठेवतो तशाच की! हे मुलांना सांगितल्यावर ती दुसऱ्या रविवारी पिशवीभर चिंध्या घेऊन आली. आयांना न विचारता, हे नंतर कळलं.

अंधाराबद्दल एक सांगायचं आहे. अंधार म्हणजे पाप, अंधार म्हणजे सैतान, असं मुलांना सांगणं आम्ही आता सोडलंय. रात्रीला नाव देवानंच दिलं, असं त्याच पहिल्या पानावर आहे. घाबरणाऱ्या मुलाला रात्री बाहेर जायचं असेल तर प्रवचन देऊ नये, उठून हात धरावा आणि दारापर्यंत जावं.

त्या रात्री आमची मैत्रीण मुलाजवळ जाऊन बसली. "माझं चुकलं रे," म्हणाली. तो काही बोलला नाही. आजीनं रानातून आल्यावर पैसे दिल्याचं सांगितलं, तेव्हा तर तिला मान वर करवेना. पुढच्या हप्त्याला तिनं पैसे त्याच्याच हातात देऊन गटाकडे पाठवले.

आता घरात लाईट गेली की तोच आधी टॉर्च लावतो आणि विचारतो, "आई, काही हरवलंय का?" ती हसते. पण दर वेळी नाही.