वाफ्यातले गणित, चुलीजवळचे विज्ञान

परभणीसारख्या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात शेतकऱ्याचे मूल पेरणी जवळून पाहते, वेचणीला हातही लावते. मात्र शाळेत पाऊल टाकताच हे सारे ज्ञान उंबऱ्याबाहेर राहते. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील 'आनंद निकेतन' या मराठी माध्यमाच्या छोट्या शाळेने हा उंबरा ओलांडण्याचा प्रयत्न केला आहे. शेती, स्वयंपाक, सफाई आणि सूतकताई ही कामे येथे मधल्या सुटीतील विरंगुळा नाहीत. ती अभ्यासाचाच भाग आहेत.

या पद्धतीचे मर्म समजून घेण्यासाठी मेथीचा एक वाफा पुरेसा आहे. वाफा मोजताना क्षेत्रफळ येते, भाजी तोलताना दशांश अपूर्णांक येतात आणि बियाण्याचा खर्च मांडताना नफा-तोटा समजतो. भिजवलेली डाळ लवकर का शिजते, हा प्रश्न विज्ञानाकडे नेतो. टकळीवर सूत काढणारे मूल कापसाच्या बोंडापासून निघून इंग्रजी राजवटीतील गिरण्यांच्या इतिहासापर्यंत पोचते.

मात्र केवळ काम म्हणजे शिक्षण नव्हे. प्रश्न न विचारता तण काढून घेतले, तर ती निव्वळ मजुरी ठरते. कामाचे नियोजन मुलांनी करायचे, नोंदी त्यांनीच ठेवायच्या आणि चूक झाली तर कारणही त्यांनीच शोधायचे, अशी ही रीत आहे. त्यासाठी शिक्षकाला अधिक तयारी करावी लागते. कोणत्या कामातून कोणता धडा पुढे येईल, याचा विचार त्याने आधीच केलेला असावा लागतो.

या विचाराला मोठा इतिहास आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगाधिष्ठित शिक्षणाची कल्पना मांडली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा तयार केला. पुढे हिंदुस्थानी तालिमी संघामार्फत आशादेवी आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम् या दाम्पत्याने सेवाग्राममध्ये 'नयी तालीम' प्रत्यक्षात आणली. तेथे विद्यार्थी आपले मंत्री निवडत. स्वयंपाकघर, आरोग्य, सफाई अशी खाती त्यांच्याकडे असत आणि कामाचा हिशेब त्यांना सर्वांच्या सभेत द्यावा लागे.

स्वातंत्र्यानंतर नोकरीसाठी प्रचलित परीक्षांच्या प्रमाणपत्रांचे महत्त्व वाढले आणि ही चळवळ क्षीण होत गेली. सेवाग्राममधील शाळाही बंद पडली. ती २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली, ती राज्याच्या अभ्यासक्रमाशी सांगड घालूनच.

पालकांची शंका मात्र जुनीच आहे. आपण शेतात राबलो, मुलाने तरी राबू नये, असे शेतकऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे. या शंकेला उत्तर द्यायचे, तर श्रम केलेल्या मुलाला वाचता-लिहिता आणि हिशेब करता उत्तम यायला हवा. शिवाय झाडू हाती घेण्याची पाळी जात किंवा घरची परिस्थिती न पाहता प्रत्येकावर येते. समतेचा हा धडा पुस्तकातून शिकवणे अवघड आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवसांची शिफारस केली. तथापि, पेरलेले बी दहा दिवसांत काढणीला येत नाही. पेरणी ते काढणी असा पूर्ण हंगाम मुलांच्या हाती सोपवला, तरच त्यातून गणित आणि विज्ञान उगवते. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे आणि गावोगावच्या शाळांभोवती कापूस, तूर व सोयाबीनची शेते आहेत. प्रयोगशाळा अशी दाराशीच आहे. वेळापत्रकात तिला जागा देणे बाकी आहे.