काळ्या जमिनीवरील गोदामें व त्यांचा निचरा

कापूस, तूर व सोयाबीन साठविण्यासाठीं स्वतःचें गोदाम बांधणारे कास्तकार आतां पुष्कळ झाले आहेत. कित्येकांचीं दुकानें व गाळे अकोल्यांत जठारपेठेसारख्या वस्तींतही आहेत. शेतांतील निचऱ्याची आपण जितकी काळजी वाहतों, तितकी आवाराच्या निचऱ्याची वाहत नाहीं. आणि नाली फुटली म्हणजे गवंड्यास दोष देतों. वस्तुतः बहुतेक वेळां चूक जमीन न ओळखल्याची असते.

वऱ्हाडची काळी जमीन बसाल्ट खडकापासून झालेली आहे. तिच्यांतील चिकणमाती ओली झाली म्हणजे फुगते व वाळली म्हणजे आकसते. वैशाखांत तिला खोल भेगा पडतात व पहिल्या पावसाचें पाणी त्यांतून थेट पायापर्यंत उतरतें. पुढें भेगा मिटल्या कीं पाणी वरच तुंबतें. ह्या दरसालच्या हालचालीनें नालीचा उतार बिघडतो व सांधे उघडतात. सांध्यांतून झिरपलेलें पाणी तेवढीच जागा फुगवितें आणि भिंतीस तडे जातात. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाण पट्ट्यांत सोडियममुळें मातीचे कण विखुरून रंध्रें बुजतात. शिवाय क्षारांनीं गिलावा झडतो व लोखंड गंजतें.

पाण्याचा हिशेबही करून पाहावा. ३० मीटर लांब व १५ मीटर रुंद छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर २२,५०० लिटर पाणी होतें. पन्हळ नसेल तर हें सर्व भिंतीच्या बुडाशींच पडणार. सन २०२१ च्या जुलैंत अतिवृष्टीमुळें मोर्णा नदीला पूर येऊन अकोल्याच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलें होतें. अशा वेळीं बाहेरचा नालाच तुडुंब असला, तर आवारांतील नाली कितीही चांगली असून उपयोग नाहीं.

म्हणून दुरुस्ती नेहमीं पाणी बाहेर पडण्याच्या तोंडापासून सुरू करावी. तें तोंड नाल्याच्या नेहमींच्या पातळीहून उंच आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहावें. नंतर वर येत येत नालीस शंभरांत एक इतका उतार द्यावा. भिंतीलगत मीटरभर रुंदीचा पक्का पट्टा करून त्यास बाहेरच्या बाजूस पन्नासांत एक उतार ठेवावा. नळ बसवावयाचे तर खालची काळी माती काढून मुरमाची दाबलेली बैठक करावी व सांधे रबरी घ्यावे. सिमेंटचे ताठ सांधे टिकत नाहींत. चरांत नुसती वाळू भरून तोंड उघडें ठेवूं नये. तो चर पाण्याचें टाकें बनतो व तें पाणी पायाकडे वळतें.

शोषखड्ड्यावर भिस्त ठेवणें ही नेहमींची चूक होय. खड्डा मुरमापर्यंत पोंचला तरच तो पाणी पितो. पूर्णाकांठच्या खोल गाळांत मुरूम सहसा हातीं लागत नाहीं. तेथें पाणी उघड्या नालीनेंच बाहेर काढावें.

कामाचा काळ निवडतांनाही विचार हवा. वैशाखांत माती पूर्ण आकसलेली असते. तेव्हां बसविलेली पातळी श्रावणांत उचलते. मार्गशीर्ष-पौषांत, जमिनींत मध्यम ओल असतांना, हें काम करणें श्रेयस्कर. आपलें पाणी शेजाऱ्याच्या धुऱ्यावर सोडूं नये, हें सांगावयास नकोच.

गोदामांतील माल म्हणजे वर्षभराची मेहनत आहे. ती भिजल्यानंतर केलेल्या खर्चापेक्षां आधीं खणलेली एक नाली स्वस्त पडते.