दोनशे सत्तर रुपयांची चांदी

“दोनशे सत्तर राणीछाप रुपये वितळवले तर चांदी किती निघेल?”

सुरतेतल्या एका जरीवाल्या काकांना मी हे विचारलं, तेव्हा त्यांनी तार खेचायच्या यंत्रावरची नजरही हलवली नाही. या माणसाच्या तीन पिढ्या चांदीची तार केसासारखी बारीक करण्यात गेल्या. येवल्या-पैठणच्या मागावर जी जर चमकते तिच्यातली बरीचशी याच शहरातून जाते. काका गुजरातीत पुटपुटले, बोटांवर काहीतरी धरलं आणि म्हणाले, “रुपया म्हणजे एक तोळा. बारा भागांत अकरा भाग चांदी, एक भाग खोट. अडीचशे तोळ्यांना अडीच तोळे कमी. तीन किलोच्या आतच. कुणाची ऑर्डर?”

“कलकत्त्याची. १८७८ सालची.”

आता मात्र त्यांनी यंत्र बंद केलं.

झालं होतं असं की, मुंबईच्या एका संपादकांना दिवाळी अंकात हौशी खेळांच्या राष्ट्रीय स्पर्धांवर लेख हवे होते. कबड्डी एकाने घेतली, खो-खो दुसऱ्याने, मल्लखांबासाठी दोघं भांडले. उरली रग्बी, ती माझ्याकडे आली. मी उधन्याचा खानदेशी. लिंबायत-डिंडोलीकडे हॅलोजनखाली रात्र रात्र चालणारी कबड्डी बघत वाढलो. सुरतेत रग्बीचा तो लांबट चेंडू मी आजवर कुणाच्या हातात पाहिला नाही. २०२२ साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गुजरातेत आल्या तेव्हाही सुरतेच्या वाट्याला टेबल टेनिस, बॅडमिंटन आणि डुमसच्या वाळूवरचे खेळ आले. रग्बी गेली अहमदाबादला. हरमीत देसाईच्या गावाला टेबल टेनिस मिळालं याबद्दल तक्रार कशी करणार?

म्हणून मी सुरुवात चांदीपासून केली. हिंदुस्थानातली रग्बी कागदोपत्री सुरू होते ती १८७२च्या नाताळात, कलकत्त्यात. एका बाजूला इंग्लंडचे साहेब, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स यांची मोट. त्यातून १८७३च्या जानेवारीत कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. क्लबात दारू फुकट होती तोवर सभासद भरपूर होते. ती सोय बंद झाल्यावर खेळावरचं प्रेमही ओसरलं, असं रग्बीचे इतिहासकार मिश्कीलपणे नोंदवतात. पलटणी बदलून गेल्या, उरलेले पोलो आणि टेनिसकडे वळले. शेवटी जेम्स रॉथनी नावाचा एकच गृहस्थ कप्तान, सचिव आणि खजिनदार झाला. (आपल्याकडच्या निम्म्या जिल्हा संघटना आजही अशाच चालतात, त्यामुळे रॉथनी मला एकदम ओळखीचा वाटला.) त्याने बँकेतली शिल्लक रुपयांच्या नाण्यांत काढली आणि ती वितळवून देशी कारागिरांकडून कप घडवून घेतला. तीन नाग म्हणजे तीन मुठी, झाकणावर हत्ती.

कप इंग्लंडच्या रग्बी युनियनला भेट गेला. क्लबची इच्छा होती की त्यासाठी क्लबांची दरवर्षी स्पर्धा व्हावी, फुटबॉलच्या एफ. ए. कपसारखी. युनियनने नकार दिला. बाद फेरीची स्पर्धा आली की चुरस येते, चुरशीमागून पैसा येतो, आणि मग सभ्य गृहस्थांचा खेळ सभ्य गृहस्थांचा राहत नाही, अशी त्यांची धास्ती. कप इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याला दिला गेला. पहिला सामना १८७९च्या मार्चमध्ये एडिंबरोला झाला आणि बरोबरीत सुटला. इंग्लंडमध्ये क्लबांची राष्ट्रीय बाद स्पर्धा सुरू व्हायला पुढे १९७१ उजाडलं. खेळाडूला पैसे देण्यावरची जागतिक बंदी उठायला १९९५.

आपल्याकडे म्हणतात, हौसेला मोल नाही. रग्बीवाल्यांनी ते नियमपुस्तकात घालून शंभरावर वर्षं पाळलं. आणि ज्याच्या खिशात मोल नव्हतं त्याला हौसही परवडली नाही.

पहाटेच्या फ्लाइंग राणीने मुंबई गाठली. तिचे डबलडेकर डबे २०२३ साली गेले, त्याचं दुःख मला अजून आहे. चर्चगेटला उतरून आझाद मैदानाकडे चालत गेलो. बॉम्बे जिमखाना १८७५चा. याच मैदानावर १९३३च्या डिसेंबरात देशातली पहिली कसोटी झाली आणि लाला अमरनाथांनी शतक ठोकलं. हिवाळ्यात इथे क्रिकेट चालतं. पावसाने जमीन लोण्यासारखी झाली की रग्बी, कारण कोरड्या कडक जमिनीवर आपटलं की हाडं बोलतात. अखिल भारतीय स्पर्धा १९२४ पासूनची. पुढे तिला दक्षिण आशियाचं नाव जोडलं गेलं. कधी कलकत्ता, कधी मुंबई. पंधरा-पंधरांचा जुना खेळ तिथे टिकून आहे.

मी आत गेलो नाही. सभासदांचा क्लब, ओळख काढता आली असती, पण कुंपणाबाहेरची जागा मला जास्त महत्त्वाची वाटली. समोर फॅशन स्ट्रीटचे कपड्यांचे ठेले, मध्ये रस्ता, आणि कुंपणाला नाक लावून उभी राहणारी माणसं. नव्वदच्या दशकात इथे मॅथ्यू स्पेसी नावाचा इंग्रज खेळत असे, नोकरीने कॉक्स अँड किंग्जमध्ये. फुटपाथवर राहणारी पोरं बघत उभी असत. त्याने त्यांना आत बोलावून चेंडू दिला. त्यातून १९९९ साली ‘मॅजिक बस’ ही संस्था उभी राहिली. भारतीय संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो त्याच्या आदल्या वर्षी, १९९८ साली. त्या संघात अभिनेता राहुल बोसही होता, जो पुढे राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष झाला.

त्या कुंपणाशीच ती भेटली. पंचविशीची, खांद्याला सॅक, हातात प्लॅस्टिकची फाइल, पावसापासून जपून पोटाशी धरलेली. आत चाललेल्या सरावाकडे बघत होती, पण आपल्यासारखी नाही. आपण चेंडू बघतो. ती पाय बघत होती.

“तुम्ही खेळता?” मी विचारलं.

“प्रॉप आहे, सर. आधी कबड्डीत डावा कोपरा होते.”

मग स्क्रम मला तिनेच समजावला. मी पुस्तकात वाचून गेलो होतो: आठ विरुद्ध आठ, पुढे तीन (मध्ये हूकर, दोन्ही बाजूंना प्रॉप), त्यांच्यामागे दोन, कडेला दोन, शेवटी एक, पंच ‘क्राउच, बाइंड, सेट’ म्हणतो आणि दोन्ही फळ्या एकमेकींत घुसतात. चेंडू मधल्या बोगद्यात टाकतात आणि मधला हूकर तो टाचेने मागे ओढतो. हे सगळं बरोबर आहे आणि यातून काहीही कळत नाही. ती म्हणाली, “दहीहंडीचा पहिला थर आडवा करा. झाला स्क्रम.” खालच्या थरातला गोविंदा वर बघत नाही, मान आत, पाठ सपाट, गुडघे किंचित मोडलेले, बोटं शेजाऱ्याच्या कपड्यात रुतलेली. ताकद खांद्यातून लागते असं बघणाऱ्याला वाटतं, पण ती येते टाचेतून. मागच्या पाचांचा जोर पुढच्या तिघांच्या पाठीतून समोर जायला हवा. एकाची पाठ कमानली की जोर वर निघून जातो, आणि एकाचा गुडघा टेकला की सोळा माणसं चिखलात. मान मोडण्याची खरी भीती इथेच. म्हणून पहिल्या रांगेत तयार खेळाडूच लागतात असा नियम आहे. ते नसतील तर पंच ढकलाढकली बंद करून नुसता दिखाऊ स्क्रम लावतो.

मी विचारलं, “तुमच्यात आठ आठ असतात?”

“आमच्यात तीन तीन. सेव्हन्स.”

हा तिच्या वाट्याचा खेळ. मैदान तेवढंच, माणसं निम्म्याहून कमी. सात मिनिटांचे दोन डाव, मध्ये दोन मिनिटं. २०१६ साली रिओत हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये गेला आणि भारतातल्या राज्यांना रग्बी दिसू लागली, कारण ऑलिम्पिक असेल तर अनुदान असतं. पंधरांचा संघ पाठवायचा तर राखीव धरून रेल्वेच्या अर्ध्या बोगीचं आरक्षण. सेव्हन्सचा संघ बाराचा. ओडिशाने हे आधी ओळखलं. भुवनेश्वरच्या आदिवासी मुलामुलींच्या कलिंगा संस्थेतून खेळाडू घडत गेले, आणि अहमदाबादेत मुलींचं सुवर्ण ओडिशाने नेलं. बिहारने स्वीटी कुमारीसारखी धावपटू दिली. आपल्याकडे पुण्याने वाहबीज भरूचा दिली, जी भारताची कर्णधार झाली.

“वर्षाला किती सामने होतात?”

तिने हिशेब आधीच करून ठेवलेला होता. “नॅशनलला पाच झाले तर सत्तर मिनिटं. हाफटाइम धरून ऐंशी.”

मला वाटलं, मस्करी करतेय. करत नव्हती. लीग नाही, जिल्ह्याजिल्ह्यांत फेऱ्या नाहीत. निवड चाचणी, दहा-बारा दिवसांचं शिबिर, आणि मग राष्ट्रीय स्पर्धा. इतर खेळांत राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे हंगामाचा कळस. हिच्यासाठी हंगामच तेवढा. पाया नसलेला कळस.

श्रीमंत देशांत तरी वेगळं असेल म्हणावं, तर अमेरिकेचं उदाहरण बघा. १९२० आणि १९२४ अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णं जिंकूनही तिथे राष्ट्रीय संघटना झाली १९७५ साली आणि क्लबांची राष्ट्रीय स्पर्धा १९७९ साली. पहिल्या वर्षी पुरुषांत बर्कलेचे ओल्ड ब्लूज जिंकले, महिलांत फ्लोरिडा स्टेट. विभागातून वर चढत जायचं आणि शेवटच्या चार दिवसांसाठी सुट्टी काढून स्वतःच्या खर्चाने विमानात बसायचं. दुसऱ्या दिवशी कोणी शिकवायला, कोणी गवंडीकामाला. संघटनेने २०२० साली दिवाळखोरीचा अर्ज केला. पण तिथल्या क्लबाकडे हंगामभर शनिवारचा सामना असतो. हरला तरी पुढचा शनिवार येतो.

इथे पुढचा शनिवार येत नाही, म्हणून कागद मोठा होतो. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. राष्ट्रीय स्पर्धेतलं पदक आणि प्रमाणपत्र असेल तर पडताळणी होते, आणि पडताळणी झाली तर अर्जाला अर्थ. तिच्या फाइलमध्ये ते प्रमाणपत्र होतं, लॅमिनेट केलेलं. दाखवलं तिने. तिच्या नावात एक ‘ए’ जास्त पडला होता. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, प्रमाणपत्रावर दोन.

“तेवढ्यासाठी चौथी फेरी आहे, सर.” एका कार्यालयाने सांगितलं, संघटनेचं पत्र आणा. पत्र आणलं तर त्यावर स्पर्धेची तारीख नव्हती. तारीख घालून आणली, तर सही करणारा पदाधिकारी दरम्यान बदललेला. आज दुरुस्ती झाली तर भरतीच्या मुदतीत बसेल. गावाकडे आईचा एकच प्रश्न असतो: नोकरी लागते का यातून?

डाव्या खांद्याचं हाड एकदा निखळलं होतं. खर्च कुणी केला, हे मी विचारलं आणि विचारायला नको होतं असं वाटलं. “काकांनी,” ती म्हणाली, आणि विषय संपवला.

२०२५च्या जूनमध्ये अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली. सहा संघ, परदेशी तारे, टीव्हीवर प्रकाशझोत. चेन्नई बुल्सने अंतिम सामन्यात दिल्लीला उडवलं. प्रत्येक संघात मोजके भारतीय. मुलींचे संघ त्या पहिल्या हंगामात नव्हते. तिने सगळे सामने मोबाइलवर पाहिले. राग आला का, विचारलं, तर उलट उत्साहाने सांगू लागली की फिजीचे खेळाडू पडताना चेंडू कसा मोकळा ठेवतात. शिकायला मिळालं म्हणाली. राग मलाच आला होता, आणि तोही फुकटचा. मी काय एक तिकीट काढून गेलो नव्हतो.

मला रॉथनीचा कप आठवत राहिला. स्पर्धेसाठी घडवला, स्पर्धा नाकारली गेली, आणि आता तो इतका नाजूक झालाय की मिरवायला प्रतिकृती वापरतात. १९८८ साली दोन खेळाडूंनी दारूच्या भरात एडिंबरोच्या रस्त्यावर त्याला लाथाडलं होतं. तीन किलोच्या आतबाहेर वजन. फाइलमधल्या कागदाचं वजन काढायला जरीवाल्या काकांचा काटासुद्धा हलणार नाही.

पाऊस वाढला. दीड वाजत आला होता, दोनला कार्यालय पुन्हा उघडणार. “धरता का जरा?” म्हणून तिने फाइल माझ्याकडे दिली आणि वाकून बुटाची नाडी बांधू लागली. आत स्क्रम लागत होता. ती वाकलेलीच होती, मान फक्त वर.

“डावा प्रॉप घसरणार,” ती म्हणाली. “टाच मागे टाकलीय त्याने.”

सोळा जण एकमेकांत घुसले, क्षणभर सगळं थिजलं, मग डावी बाजू खचली आणि अख्खा ढीग चिखलात गेला. शिट्टी वाजली तेव्हा ती फाइल घेऊन रस्ता ओलांडत होती.